शेवटचं ताट: इंदूरच्या एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण एका घराचं म्हणून लिहिलं आहे, पण कोणाची ओळख पटू नये म्हणून यात दोन-तीन घरांचे तपशील मिसळले आहेत. आहारसल्ल्याच्या कामात अशी घरं इतकी भेटतात की मिसळायला त्रास पडत नाही.

कोण आणि कशासाठी

बाई 46 वर्षांच्या. विम्याच्या कार्यालयात नोकरी, घर राजेंद्रनगरच्या बाजूला. घरात नवरा, सासू-सासरे, एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेश राज्यसेवा परीक्षेच्या क्लाससाठी भंवरकुव्याला जाणारी मुलगी आणि दहावीतला मुलगा. सहा माणसांचा स्वयंपाक दोन्ही वेळा त्याच करतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या बसून भाजी निवडून देतात. भांडी-केराला एक बाई येते.

आल्या तेव्हा हातात रक्ताचा रिपोर्ट होता. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, 6.1. हा आकडा 5.7 ते 6.4 च्या दरम्यान असला की त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. 6.5 पासून मधुमेह. उंची 154 सेंटिमीटर, वजन 68 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 28.7. भारतीय शरीरासाठी 23 पासून पुढे जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे चरबी पोटावर साठते आणि साखरेचा त्रास कमी वजनातच सुरू होतो. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं: गोड बंद, वजन कमी.

वजन कमी करण्याचा अनुभव बाईंना भरपूर होता. रात्री फक्त सूप, एक दिवसाआड फळं, भात बंद, पोहे बंद, सोळा तास न खाणं. शिवाय गुरुवार, संकष्टी, एकादशी. फोनमध्ये कॅलरी मोजणारं अ‍ॅप होतं, त्यानं दिवसाला 1200 ठरवून दिल्या होत्या. दर वेळी चार-पाच किलो उतरले, दर वेळी परत आले, वर एखादा किलो व्याज.

"ताई, दिवसभर मी काही खातच नाही," त्या म्हणाल्या. "रात्री मात्र माझं डोकं फिरतं."

रात्री म्हणजे अकरानंतर. सगळे झोपले की स्वयंपाकघरात, दिवा न लावता, सेवेच्या डब्यापासून सुरुवात. मग परमल (मुरमुरे), मग फ्रिजमधला भात दही-साखर घालून, मग पुन्हा सेव. पोट दुखेपर्यंत. सकाळी लाज, म्हणून चहावरच दुपारपर्यंत. हे आठवड्यातून चार-पाच दिवस, दोनेक वर्षं चाललं होतं आणि घरात कोणालाही माहीत नव्हतं.

एक गोष्ट त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितली. डबे लवकर रिकामे होतात हे सासूबाईंच्या लक्षात आलं होतं आणि त्यांचा संशय भांडीवाल्या बाईवर गेला होता. डबे वरच्या फळीवर गेले. त्या बाईला "आता फक्त बाहेरच्या मोरीत भांडी घास" असं सांगण्यात आलं. आमच्या बाई गप्प राहिल्या. रिपोर्टपेक्षा त्यांना हे जास्त सलत होतं, आणि आल्या त्याचं खरं कारणही बहुधा तेच असावं.

काय दिसलं

अ‍ॅप आठवडाभर बंद ठेवायला सांगितलं आणि एक वही दिली. काय खाल्लं, किती खाल्लं हे लिहायचं नाही. फक्त वेळ, जागा, बसून की उभ्यानं, आणि तो घास मुळात कोणासाठी वाढलेला होता. शेवटचा रकाना पाहून त्या हसल्या होत्या. वही भरून आली तेव्हा हसण्यासारखं फारसं नव्हतं.

सकाळी चहा, ओट्याशी, उभ्यानं. मुलाच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी, उभ्यानं. दुपारी कार्यालयात डबा. आठवड्यातलं हे एकच खाणं बसून आणि स्वतःसाठी. तेही फायलींसमोर, सात-आठ मिनिटांत, आणि डब्यात अ‍ॅपच्या धाकानं काकडी-मुगाची मूठभर कोशिंबीर. संध्याकाळी सातला घरी, लगेच कणीक.

या घरात पोळी तव्यावरून थेट ताटात जाते. नानांना, म्हणजे सासऱ्यांना, फुगलेला फुलका लागतो. डब्यातली पोळी त्यांच्या मते आजाऱ्यांसाठी असते. माळव्यात तीन पिढ्या काढल्यावर मराठी घरांतही फुलक्याची ही हौस मुरली आहे, आणि फुलका असा की पाच मिनिटांत चिवट होतो. मग एक माणूस तव्याशी अडकलेलाच. आठला नाना आणि सासूबाई, साडेआठला मुलगा, नऊला नवरा, पावणेदहाला क्लासहून मुलगी. प्रत्येकाला ताजा फुलका. चार पंगती आणि वाढपी एकच.

त्यानंतर बाई "संपवत". कढईच्या तळाची दोन चमचे भाजी, नानांनी ठेवलेली वरणाची वाटी, मुलीनं बाजूला काढलेला भात, पहिला बिघडलेला फुलका. ओट्याशी, उभ्यानं, एका हातानं झाकापाक करत. हे त्या जेवण धरतच नव्हत्या. अ‍ॅपमध्येही त्याची नोंद नसे, कारण अर्धी वाटी कोणाची तरी उरलेली आमटी तिथं कशी घालणार?

अन्न टाकायचं नाही हा संस्कार जुनाच, पण इंदुरात त्याला गेल्या काही वर्षांत नवी धार आली आहे. 2017 पासून शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर लागू लागला. सकाळी गाडी गाणं वाजवत येते, ओला-सुका कचरा वेगळा द्यावा लागतो. ओल्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस बनतो. फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन आहे. शहराला याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण कचरा वेगळा झाल्यावर घरातलं टाकलेलं अन्न डोळ्यांना दिसू लागलं. सासूबाई ओल्या बादलीत डोकावून बघत. "आपल्या बादलीत सालं असतात, अन्न नसतं," असं शेजारणीला सांगत. ते खरंही होतं, कारण त्या बादलीच्या आधी घरात आणखी एक बादली होती आणि ती सून होती.

विचार

आधी एक शंका दूर करणं भाग होतं. थोड्या वेळात खूप खाणं, हात थांबत नाही असं वाटणं, नंतर शरम. हे आठवड्यातून निदान एकदा आणि तीन महिने होत असेल तर मानसोपचारात त्याला आजार मानतात. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. लक्षणं जुळत होती, म्हणून आहारात बोटही घालण्याआधी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांचं मत असं की आजाराच्या उंबरठ्यावर आहेत, उलट्या काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या असलं काही नाही, झोप फार कमी आहे. उपाशी राहणं आधी थांबवा, मी महिन्यातून एकदा बघत राहीन. थायरॉइड ठीक निघालं. हे सविस्तर लिहायचं कारण एवढंच की रात्रीच्या खाण्याला "जिभेवर ताबा नाही" म्हणून सोडून देणारे आमच्याच व्यवसायात पुष्कळ आहेत.

मग उपासमारीचा मुद्दा. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसाला साधारण 1570 कॅलरी. त्या मुलांना जेवणाशिवाय दुसरा विषय सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्‌महिने शमली नाही. ते उंचेपुरे पुरुष, आठवड्याला मैलोन्‌मैल चालायला लावलेले. आपल्या बाईंशी सरळ तुलना होत नाही. तरी 1570 वर माणसाचं काय होतं हे समोर असताना नोकरी करणाऱ्या आणि सहा जणांचं रांधणाऱ्या बाईला एखादं अ‍ॅप डोळे झाकून 1200 लिहून देतं याचा मला राग येतो.

दुसरा एक प्रयोग 1975 चा, हर्मन आणि मॅक यांचा. मुलींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. डाएट न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत डाएटवर असणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं: नियम मोडलाच आहे, तर आजचा दिवस गेला. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "सेवेचा पहिला घास म्हणजे तो मिल्कशेकच की."

एवढ्यानं उलगडा व्हायला हवा होता: पोटभर खा, रात्रीची धाव कमी होईल. पण "पोटभर खा" हे ज्या बाईला सांगायचं तिला खायला जागा कुठं आहे, वेळ कुठला आहे, ताट कोणतं आहे? सजगपणे खाण्याचे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या ताणावरच्या उपचारवर्गातला मनुकेचा सराव आता फोनवर सगळीकडे असतो: एक मनुका हातात घ्या, न्याहाळा, वास घ्या, जिभेवर ठेवा, सावकाश चावा. बाईंनी करून पाहिला. "मनुका न्याहाळत होते तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि नानांनी विचारलं, झाला का भात?"

तो सराव वाईट नाही, चांगलाच आहे. पण तो गृहीत धरतो की तुम्ही बसला आहात आणि समोरचा घास तुमचा आहे. या घरात दोन्ही नव्हतं. दिवसभरात बाईंनी फक्त स्वतःसाठी घेतलेला, कोणी न मागता न बोलावता घेतलेला घास म्हणजे रात्री अकरानंतरची ती सेव. ती काढून घेतली असती तर त्यांच्याकडे काहीच उरलं नसतं. म्हणून डब्याला कुलूप लावायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

काय केलं

सुरुवात ताटापासून. स्वयंपाक झाला की पहिलं ताट बाईंचं वाढून झाकून ठेवायचं. पोळी, भाजी, वरण, भात, दही, सगळं, बेतानं पण पुरेसं. जेवतील तेव्हा जेवतील, पण जेवतील ते या ताटातलं. उरलेलं म्हणजे उरलेलं. ते दुसऱ्या दिवशी डब्यात जाईल, थालीपिठात जाईल, फोडणीच्या भातात जाईल, अगदीच नाही तर गायीला जाईल.

घरात यावर वादळ होणार हे धरून चाललो होतो, म्हणून एका भेटीला सासूबाईंना बोलावलं. त्या पंचाहत्तरीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. "सगळ्यांच्या आधी बाईनं स्वतःला वाढून घ्यायचं? आमच्याकडे असं कधी झालं नाही," त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "नाही म्हणजे, सवाष्ण जेवायला असली की तिला आधी वाढतोच आपण. ती जेवल्याशिवाय घरचं कोणी बसत नाही." मग सुनेकडे पाहून, "हीही सवाष्णच आहे म्हणा." माझ्याकडचे सगळे प्रयोग आणि आकडे एकीकडे, आणि हे एक वाक्य एकीकडे. त्या रात्रीपासून ताट सासूबाई स्वतः वाढून झाकू लागल्या. (विधवा वहिनी किंवा अविवाहित नणंद घरात असती तर हा धागा चालला नसता, हे मला कळतं. या घरात चालला.)

मग फुलका. चार पंगती मोडल्याशिवाय बाई बसणार नव्हत्या आणि फुलक्याशिवाय नाना बसणार नव्हते. तोड निघाली घडीच्या पोळीची. बाईंच्या आईच्या घरी तीच होती, नानांच्याही आईच्या हातची तीच असणार. कणीक फुलक्यापेक्षा सैल, अर्धा तास झाकून मुरलेली. पारीला तेलाचं बोट, वर पिठाची चिमूट, दोनदा घडी. तवा नीट तापलेला, कारण मंद तव्यावर पोळी रेंगाळली की वाळते आणि मग ती डब्यात राहो की ताटात, कडकच लागते. उतरवल्यावर घटकाभर वाफ जाऊ द्यायची, मग कापड घातलेल्या डब्यात एकावर एक. सिहोरच्या शरबती गव्हाची कणीक असली तर रात्री दहालाही पोळी मऊ राहते. साडेसातला सगळ्या पोळ्या करून गॅस बंद. नाना आठ दिवस कुरकुरले, मग त्यांनी रविवारी फुलके हवेत अशी अट घातली. मान्य, पण रविवारी भाजणार मुलगा आणि नवरा. पहिल्या रविवारचे फुलके नकाशासारखे झाले आणि नानांनी ते मुकाट्यानं खाल्ले.

आता आठला चार जण एकत्र बसतात, त्यात बाई एक. नवरा आणि मुलगी उशिरा येतात, आपलं आपण वाढून घेतात. नाना ताटावर "वदनी कवळ" म्हणतात आणि लगेच टीव्हीवर चर्चेचा कार्यक्रम लावतात. त्यात मी पडले नाही. बाईंना एवढंच सांगितलं की पहिले तीन घास फोन उलटा ठेवून, चव काय आहे ते पाहत खायचे. पुढं गप्पा मारा, टीव्ही बघा. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत उरकणाऱ्याला ती कधी भेटतच नाही. पंगतीत बसलं की तेवढा वेळ आपोआप जातो, घास मोजावे लागत नाहीत.

सकाळी पोहे परत आले. इंदुरात राहून पोह्यांशी वैर घेणं म्हणजे रोज कोपऱ्याकोपऱ्यावर हरणं. त्यात मूठभर शेंगदाणे, मटार, बाजूला मटकीची उसळ किंवा वाटीभर दही. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, पोह्यांत ती थोडी; जोडीनं खाल्ले तर दुपारपर्यंत टिकतात. वर सेव आणि जिरावन (पोह्यांवरचा मसाला) हवंच, तर घ्या. सेव दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, वाटीतून, हे मुद्दाम होतं. पहिले दोन-तीन आठवडे त्या दिवसाही बरीच सेव खात होत्या. मग तिचं कौतुक ओसरलं.

उपासांवर बराच वेळ गेला. वहीत स्पष्ट दिसत होतं की सगळ्यात वाईट रात्री उपासाच्या होत्या. दिवसभर साबुदाणा: 100 ग्रॅमला 350 च्या आसपास कॅलरी, जवळजवळ सगळा स्टार्च, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. साखर झरकन चढते, झरकन उतरते, आणि रात्री भूक तिप्पट. मी उपास सोडायला सांगितलं नाही. विचारलं, यातला देवासाठी कोणता आणि वजनासाठी कोणता? संकष्टी देवाची, त्या लगेच म्हणाल्या; लहानपणापासूनची, चंद्रोदयाची वाट बघायला आवडते. एकादशी सासूबाईंबरोबर. गुरुवार मात्र वजनासाठी सुरू झाला होता आणि त्याला नंतर दत्त चिकटवले होते. गुरुवार सुटला. उरलेल्या दोन्हीला भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही आणि दुपारी काहीतरी नक्की. साबुदाण्याची खिचडी महिन्यातून एकदा, मजेसाठी.

रात्रीचा नियम एकच होता. अकरानंतर भूक लागली तर खायचं, पण दिवा लावून, ताटलीत वाढून, टेबलाशी बसून. कितीही. त्यांना ही सूट आधी सापळा वाटली. दिवा लावायची मात्र भीती वाटत होती. कोणी उठलं तर? पहिल्यांदा लावला तेव्हा खरोखरच मुलगा पाणी प्यायला उठला. आईला बघून म्हणाला, "मलाही दे." दोघांनी दहीभात खाल्ला.

काय बिघडलं

मुलीच्या वाढदिवसाला सगळे रात्री सराफ्यात गेले. दिवसा जिथं सोन्याचांदीचा व्यापार चालतो त्या गल्लीत दुकानांची शटरं पडली की खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही. थंडीचे दिवस, म्हणजे गराडू (एक कंद) आलेच. तळलेले, वर लिंबू आणि मसाला. मग भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) किस, मग जलेबी. त्या रात्री त्यांनी सगळं आनंदानं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे केलेच नाहीत. जुनी वाट: आज भरपाई. तिसऱ्या रात्री दिवा न लावता सेव. नंतर आम्ही पाहिलं की सराफ्यानं काही बिघडवलं नव्हतं, दुसऱ्या दिवशीच्या भरपाईनं बिघडवलं. पुढच्या वेळी सराफ्यानंतरच्या सकाळी पोहे ठरलेले, मग भूक असो नसो, निदान अर्धी ताटली.

दिवाळी त्याहून अवघड गेली. फराळ करताना चव बघण्यातच जेवण होतं आणि ताट झाकलेलं राहतं. तेवढे दहा दिवस मोडले. मी त्यावर काही उपाय सुचवला नाही. चकलीच्या भाजणीत मीठ बरोबर आहे का हे कोणीतरी चाखायलाच हवं.

डब्याचा विषय उरला होता. तो माझ्या कामाचा भाग नव्हता, पण बाई दर भेटीत तिथंच येत. शेवटी त्यांनी सासूबाईंना सांगितलं की सेव मीच खात होते. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबे खालच्या फळीवर आले. भांडीवाल्या बाईनं तोवर ते काम सोडलं होतं. बाई तिच्या नव्या कामाच्या घरापाशी जाऊन भेटल्या, तिला सांगितलं, राहिलेले पैसे दिले. ती म्हणाली, "मालूम था भाभी. सुबह सबसे पहले आपकी कटोरी मैं ही तो धोती थी." परत कामाला मात्र आली नाही.

आत्तापर्यंत

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, कारण लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात. म्हणून तीन महिने भरल्यावरच पुन्हा तपासलं. 5.9. त्याच काळात त्या संध्याकाळी मुलाबरोबर चालायला जाऊ लागल्या होत्या आणि झोप दीड तासानं वाढली होती, तेव्हा हा आकडा ताटाचा, पोह्यांचा की चालण्याचा हे वेगळं करून सांगता येणार नाही. वजन दीड किलोनं उतरलं. डॉक्टरांना ते कमी वाटतं. वजनावर दबाव आणला तर पुन्हा अंधारातली सेव सुरू होईल, असं मी त्यांना लिहून कळवलं. कंबर आणि साखर मोजत राहू, वजनाचा काटा सध्या बाजूला ठेवू. त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली आहे. मनोविकारतज्ज्ञांच्या नोंदीत रात्रीचं ते खाणं आता महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आलं आहे.

हे सगळं जमलं ते घर हललं म्हणून. सासूबाई ताट झाकायला तयार झाल्या नसत्या, नाना घडीच्या पोळीवर आले नसते, तर बाईंच्या एकटीच्या निश्चयानं काय झालं असतं, याचा माझा अंदाज फार आशेचा नाही. माझ्याकडे याच वयाच्या आणखी एक बाई येतात, त्यांच्या घरी फुलका अजून तव्यावरूनच ताटात जातो. त्यांच्याबाबतीत आम्ही सध्या फक्त दुपारचा डबा दुरुस्त केला आहे. तेवढंच हातात आहे.

मुलीचं वेगळंच सुरू झालं आहे. भंवरकुव्याला दिवसभर कॉफी आणि मोमो, घरी आल्यावर "भूक नाही". आईनं ते ओळखलं आणि पुढच्या भेटीला तिला बरोबर आणते म्हणाली. मुलगी येईल की नाही ते परीक्षेच्या तारखेवर आहे. सासूबाई मात्र नक्की येणार आहेत. त्यांनी स्वतःहून विचारलं की ती तीन महिन्यांची साखर माझीही बघतात का, आणि उपाशीपोटी यावं लागतं का. नाही, या तपासणीला पोहे खाऊन आलं तरी चालतं.